जर्मन मेजरची रिबन-पट्टी आणि छायाचित्र: ओळख पटवण्याच्या प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2025

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतली तंबाखूची डबी आज पुन्हा उघडली. खाकी कापडाच्या घडीत दोन वस्तू आहेत. एक म्हणजे आठ फितींची रिबन-पट्टी (पदकांऐवजी त्यांच्या फिती ओळीने लावलेली पट्टी), आणि दुसरी म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराचे एका जर्मन अधिकाऱ्याचे कृष्णधवल छायाचित्र. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते आणि 1944-45 मध्ये इटलीत लढले. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांनी युद्धाबद्दल फारसे कधी सांगितले नाही, आणि या डबीबद्दल तर ‘जर्मन साहेबाचा फोटो’ एवढेच म्हणत असत. तो साहेब कोण, हे शोधण्याचा निश्चय केला आहे. जे पाहिले, जे अनुमान केले आणि जे चुकले ते सगळे तारखेनिशी येथे लिहून ठेवणार आहे, म्हणजे पुढे कोणत्या आधारावर कोणता निष्कर्ष काढला हे मला आणि इतरांना तपासता येईल.

19 जानेवारी 2025

पहिला प्रश्न पट्टी खरी आहे की नंतर कोणी बनवलेली, हा होता. आमच्या घरातून ती कधी बाहेर गेलेली नाही, पण घरचा विश्वास हा पुरावा होत नाही. कॅलिपरने मोजल्यावर लांबी सुमारे 12 सेंटिमीटर भरली, म्हणजे एका फितीला साधारण 15 मिलिमीटर येतात. पाठीमागे करडे-हिरवे लोकरी कापड शिवलेले असून आडवी टाचणी पितळी आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहिले तेव्हा कोणताही धागा निळसर पांढरा चमकला नाही. युद्धानंतरच्या कापडात आणि शिलाईच्या दोऱ्यात चमक आणणारी रसायने आढळतात आणि ती या दिव्याखाली लगेच उजळतात, म्हणून ही तपासणी महत्त्वाची होती.

आणखी एक खूण पट्टीच्या बाजूने उभी राहते. पश्चिम जर्मनीत 1957 च्या कायद्याने जुनी युद्धपदके वापरण्यास परवानगी मिळाली, पण स्वस्तिक काढून टाकण्याच्या अटीवर. प्रदेश बळकावल्याच्या स्मरणार्थ दिलेली पदके त्या कायद्याने पूर्णपणे वगळली. या पट्टीवर स्वस्तिक धरलेले छोटे गरुड आहेत आणि तसल्या एका पदकाची फीतही आहे, त्यामुळे ती 1957 नंतर रीतसर वापरण्यासाठी बनवलेली नाही.

2 फेब्रुवारी 2025

फितींचे रंग उजेडाने उतरले आहेत. मात्र प्रत्येक फितीची कड मागे दुमडून शिवलेली असते आणि त्या दुमडीला उजेड लागत नाही. दोन ठिकाणी शिवण आपोआप उसवलेली होती, तेथे भिंगाने मूळ रंग पाहिले. धारण करणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे, म्हणजे आपण समोरून पाहताना डावीकडून उजवीकडे, क्रम असा आहे.

पहिली फीत काळी, दोन्ही कडांजवळ पांढरे पट्टे असलेली. ही 1914 च्या आयर्न क्रॉसच्या दुसऱ्या वर्गाची. तिच्यावर गरुड आणि खाली 1939 हा आकडा असलेली छोटी चकती आहे. पहिल्या महायुद्धात हा क्रॉस मिळालेल्या माणसाने दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा मिळवला, की त्याला नवा क्रॉस न देता जुन्या फितीवर ही चकती देत असत. दुसऱ्या फितीत मध्ये काळा, मग पांढरा आणि कडेला लाल रंग आहे व वर आडव्या तलवारी आहेत. हा 18 ऑक्टोबर 1939 रोजी सुरू झालेला युद्धसेवा क्रॉस होय. तिसरी फीत पांढरी, कडांजवळ काळे पट्टे आणि अगदी काठाला फिकट निळी रेघ असलेली, तलवारींसह. हे जर्मनीतील बव्हेरिया या राज्याचे लष्करी गुणगौरव पदक. चौथी काळी-पांढरी असून तिच्या मध्यभागी लाल रेघ आहे आणि तिच्यावरही तलवारी आहेत. हा 13 जुलै 1934 रोजी स्थापन झालेला, हिंडेनबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा महायुद्धाचा सन्मान क्रॉस आहे, आणि तलवारी आघाडीवर लढलेल्यांनाच मिळत. पाचवी आणि सहावी फीत निळीभोर. एकीवर सोनेरी गरुड, दुसरीवर रुपेरी. या सैन्यातील दीर्घसेवेच्या फिती. सातवी लाल असून तिच्या कडांना पांढरा-काळा-पांढरा काठ आहे. हे 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केल्याचे पदक. आठवी लाल, कडांजवळ पांढरे पट्टे असलेली.

आठव्या फितीवर आज काही लिहीत नाही. आधी छायाचित्र नीट पाहणे गरजेचे आहे.

9 फेब्रुवारी 2025

छायाचित्र 2400 डीपीआयवर स्कॅन केले. त्यात चाळिशीच्या आसपासचा, रुंद कपाळाचा माणूस आहे. त्याच्या छातीवर आयर्न क्रॉसचा पहिला वर्ग आणि जखमी सैनिकांना दिला जाणारा बिल्ला दिसतो. वर रिबन-पट्टी आहे, पण तिच्यात चारच फिती आहेत.

आज माझ्याकडून मोठी चूक होता होता राहिली. छायाचित्रातली पहिली आणि चौथी फीत मला अगदी सारखी दिसली: गडद, आणि कडांजवळ दोन पांढरे पट्टे. होहेनझोलर्न राजघराण्याच्या तलवारींसह मिळणाऱ्या पदकाची फीतही आयर्न क्रॉससारखीच काळी-पांढरी असते, म्हणून हा फार मोठ्या सन्मानाचा अधिकारी असावा असे मी वहीत लिहूनही टाकले. संध्याकाळी पट्टी शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. पट्टीवरची शेवटची फीतही त्याच घडणीची आहे, फक्त तिच्यात काळ्याच्या जागी लाल आहे. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक प्रकारचा रासायनिक लेप असलेल्या काचा आणि फिल्म सर्रास वापरल्या जात, आणि या लेपावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही. अशा छायाचित्रात लाल रंग काळा उमटतो आणि निळा रंग फिका, कधी पांढराच दिसतो. म्हणून फितींचे रंग ताडताना करड्या छटांवर अवलंबून न राहता पट्ट्यांची रुंदी आणि जागा मोजली पाहिजे.

क्रमाकडे आधीच लक्ष दिले असते, तर ही चूक झालीच नसती. होहेनझोलर्नचे पदक पट्टीच्या सुरुवातीला, आयर्न क्रॉसलगत आले असते. ते हिंडेनबर्ग क्रॉसच्या नंतर, अगदी शेवटी येणे शक्य नाही. हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या शहरांच्या क्रॉसचीही फीत लाल-पांढरी असते, पण ती जर्मन पदके असल्यामुळे तीही आधी येतील. शेवटची जागा परक्या देशाच्या पदकाची. लाल फीत आणि कडांजवळ पांढरे पट्टे हे वर्णन 1 मार्च 1915 रोजी सुलतान पाचव्या मेहमदने स्थापन केलेल्या उस्मानी, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या युद्धपदकाशी तंतोतंत जुळते. हे पदक लोखंडी चंद्रकोर या नावानेही ओळखले जात असे.

उस्मानी पदक पाहून थोडा वेळ हातातले काम थांबले. पहिल्या महायुद्धात जर्मन अधिकारी उस्मानी सैन्याच्या मदतीला गेले होते, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, त्यांच्यापैकी काही जण आपल्याच माणसांसमोर उभे होते. कुत शहराच्या वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जात असे. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. वेढा घालणाऱ्या उस्मानी सहाव्या सैन्याचे नेतृत्व जर्मन फील्ड मार्शल फॉन डेअर गोल्ट्झ यांच्याकडे होते. त्यांचा 19 एप्रिल 1916 रोजी बगदादेत मृत्यू झाला आणि दहा दिवसांनी कुत पडले. आमचा अधिकारी तेथे होता असे मी म्हणत नाही. तुर्की पदक तुर्कस्तानाबाहेरही दिले गेले, कारण उस्मानी तुकड्या पूर्व युरोपातील गॅलिशिया आणि रुमानियातही जर्मन सैन्याबरोबर लढल्या. ही फीत शोधाची दिशा दाखवते, ठिकाण सिद्ध करत नाही.

23 फेब्रुवारी 2025

छायाचित्राची तारीख ठरवण्याचे काम आज बऱ्यापैकी पूर्ण झाले. आधी ते उलटे छापलेले नाही ना, हे पाहिले. कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते, रिबन-पट्टी डाव्या छातीवर आहे आणि गरुड उजव्या छातीवर. म्हणजे छपाई सुलटी आहे.

छातीवरचा स्वस्तिकधारी गरुड सैन्याच्या गणवेशावर 1934 मध्ये आला. छायाचित्रातली तिसरी फीत हिंडेनबर्ग क्रॉसची आहे, म्हणजे छायाचित्र जुलै 1934 च्या नंतरचे. खांदापट्टी सपाट असून तिच्यावर दोन चांदण्या दिसतात, त्यामुळे हुद्दा हाउप्टमान, म्हणजे आपल्या हिशेबाने कॅप्टन. खांदापट्टीवर रेजिमेंटचा क्रमांकही आहे. पहिला आकडा स्पष्ट 6 आहे, दुसरा सावलीत आहे. साठाच्या घरातल्या बव्हेरियन पायदळ रेजिमेंट तीन: म्युनिकची 61, लांड्सहूटची 62 आणि इंगोलश्टाटची 63. या तिन्ही 1935 च्या ऑक्टोबरातल्या सैन्यविस्तारात उभ्या राहिल्या. दुसरीकडे, दीर्घसेवेची निळी फीत 16 मार्च 1936 रोजी स्थापन झाली आणि ती छायाचित्रात नाही. याचा अर्थ छायाचित्र 1935 ची अखेर ते 1936, फार तर 1937 ची सुरुवात, एवढ्या अरुंद पट्ट्यात बसते.

पट्टी आणि छायाचित्र एकाच माणसाची असावीत, हेही यातूनच पुढे आले. छायाचित्रातल्या चारही फिती पट्टीवर त्याच क्रमाने आहेत, आणि पट्टीवर जास्तीच्या असलेल्या चारही फिती 1936 च्या किंवा त्यानंतरच्या आहेत. दोन वस्तू योगायोगाने एका डबीत आल्या असत्या, तर इतका मेळ बसला नसता.

16 मार्च 2025

गेले तीन आठवडे निळ्या फितींनी मला झोपू दिले नाही. माझ्या मते या संपूर्ण पट्टीतला सर्वांत बोलका भाग त्याच आहेत.

सैन्याच्या दीर्घसेवेच्या पदकाचे टप्पे 4, 12, 18 आणि 25 वर्षांचे होते. 40 वर्षांचा टप्पा पुढे 1939 मध्ये जोडला गेला. चार वर्षांचे पदक रुपेरी, बारा वर्षांचे सोनेरी, अठरा वर्षांचा क्रॉस रुपेरी, पंचवीस वर्षांचा सोनेरी. एका वेळी दोनच लावायचे आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या: बारासोबत चार, अठरासोबत चार, पंचविसासोबत बारा. आता गरुडांचे रंग पाहा. अठरा आणि चार ही जोडी दोन रुपेरी गरुडांची होते. पंचवीस आणि बारा ही दोन सोनेरी गरुडांची. एक सोनेरी आणि एक रुपेरी असा जोड बारा आणि चार यांच्यातच बसतो.

म्हणजे हिंडेनबर्ग क्रॉसवर तलवारी मिरवणाऱ्या, महायुद्धात लढलेल्या या माणसाची सेवा बारा वर्षांहून जास्त आणि अठराहून कमी भरली. तो 1914 ते 1918 मधल्या कोणत्याही वर्षी भरती होऊन सलग सैन्यात राहिला असता, तर 1938 पर्यंत त्याची अठरा वर्षे निश्चित पूर्ण झाली असती, युद्धकाळाची मोजणी कशीही केली तरी. तशी ती झालेली नाहीत. त्याच्या सेवेत मोठा खंड आहे. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्यावर एक लाख माणसांची आणि त्यात 4,000 अधिकाऱ्यांची मर्यादा घातली, तेव्हा हजारो अधिकाऱ्यांना घरी बसावे लागले. 1930 च्या दशकात सैन्य वाढू लागल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळांना पूरक अधिकारी म्हणून परत घेतले गेले. जर्मन यादीत अशांच्या नावापुढे कंसात ‘E’ हे अक्षर असते. आमचा हाउप्टमान त्यांच्यातलाच असणार.

या निष्कर्षाने कामाची दिशाच बदलली. 1920 च्या दशकातल्या छापील अधिकारी-याद्यांमध्ये हे नाव मिळणार नाही, हे आता स्पष्ट आहे, आणि त्या याद्यांवर मी घालवणार असलेले महिने वाचले.

नसलेल्या फितीही नोंदवतो. 1941-42 च्या हिवाळ्यात पूर्व आघाडीवर असणाऱ्यांना 26 मे 1942 रोजी स्थापन झालेले पदक मिळाले. त्याची लाल फीत मध्यभागी पांढरी-काळी-पांढरी असते. ती येथे नाही. 61 आणि 62 या रेजिमेंट ज्या सातव्या डिव्हिजनमध्ये होत्या, ती त्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर होती. एकतर ही पट्टी त्याआधीची आहे, नाहीतर तो तोवर रेजिमेंट सोडून अन्यत्र गेला होता.

30 मार्च 2025

छायाचित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीच्या काही रेघोट्या आहेत. त्यांना मी आजवर जर्मन लिखाण समजत होतो. भाची म्युनिकमध्ये शिकते. तिने तेथील दोघा जाणत्यांना स्कॅन दाखवला आणि मला कळवले, “मामा, हे जर्मन नाही म्हणतात. जुन्या कुरेंट लिपीतलेही नाही.”

ती मोडी आहे. आजोबांच्या शाळेत मोडी शिकवली जात होती, हे मला ठाऊक असूनही इटलीतल्या छायाचित्रावर मोडी असू शकेल हे सुचले नव्हते. पुण्यातल्या एका मोडी वाचकांकडे स्कॅन नेला. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राखत नाहीत. त्यात पेन्सील पुसट झालेली, त्यामुळे त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग तीन तुकडे खात्रीने वाचून दिले: ‘फायेंझा मुकाम डिसेंबर 44’, ‘कैदी मेजर याचे’ आणि ‘परत करणे’.

आधी कामाच्या दृष्टीने लिहितो. फाएन्झा हे उत्तर इटलीतले शहर 17 डिसेंबर 1944 च्या सुमारास पडले, आणि आजोबांची बटालियन ज्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती ती त्या भागात लढत होती. 1936 चा हाउप्टमान तोवर मेजर झालेला होता आणि तो जिवंत पकडला गेला होता. युद्धकैदी म्हटला की कागद आला.

‘परत करणे’ ही जुन्या कागदांतली आज्ञेची भाषा आहे. आजोबांनी ती स्वतःला उद्देशून लिहिली असणार. हे काम मी कुतूहलाने हाती घेतले होते. आजपासून ते आमच्या घराकडे राहिलेले देणे आहे असे मी धरतो.

20 एप्रिल 2025

अभिलेखागारांचा विचार करताना पट्टीवरच्या तिसऱ्या, बव्हेरियन फितीचे खरे महत्त्व कळले. एप्रिल 1945 मध्ये पोट्सडॅमवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात तेथील लष्करी अभिलेखागार जळाले आणि पहिल्या महायुद्धातल्या प्रशियाच्या सैनिकांची बहुतेक व्यक्तिगत कागदपत्रे नष्ट झाली. बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग यांची सैन्ये त्या काळी कागदोपत्री वेगळी होती, त्यांचे कागद त्यांच्याच राजधान्यांत राहिले आणि त्यामुळे बरेचसे वाचले. बव्हेरियाच्या अधिकाऱ्यांच्या व्यक्तिगत फायली आजही म्युनिकच्या युद्ध अभिलेखागारात आहेत. तुकड्यांच्या नोंदवह्याही आहेत, ज्यांत जन्मतारीख, धर्म, व्यवसाय, लढलेल्या लढाया आणि मिळालेली पदके यांचे स्वतंत्र रकाने आहेत.

आयर्न क्रॉसच्या मागोमाग महायुद्धातले एकच जर्मन राज्यपदक असणे आणि ते बव्हेरियाचे असणे, यावरून माणूस बव्हेरियन सैन्यातला असण्याची शक्यता दाट आहे, कारण स्वतःच्या राज्याचे पदक आधी मिळते आणि आधी लावले जाते. त्यात खांदापट्टीवरचा 6 हा आकडा आणि छायाचित्राच्या खालच्या कडेवरचा म्युनिकच्या स्टुडिओचा अर्धवट उठलेला शिक्का यांची भर घातली, तर शंका फार उरत नाही. एक अडचण नोंदवून ठेवतो. दुसऱ्या लुडविग राजाने 1866 मध्ये स्थापन केलेल्या या पदकाची फीत अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या वर्गासाठी आणि इतर हुद्द्यांना मिळणाऱ्या क्रॉससाठी सारखीच आहे. म्हणून 1918 मध्ये हा माणूस लेफ्टनंट होता की सार्जंट, हे फितीवरून सांगता येत नाही.

11 मे 2025

बर्लिन येथील संघीय अभिलेखागाराच्या विभागाकडे अर्ज पाठवला. जर्मन सैनिकांच्या आणि युद्धकैद्यांच्या नोंदी ठेवणारी पूर्वीची स्वतंत्र कचेरी 2019 पासून त्याच अभिलेखागाराचा भाग आहे. दुसरा अर्ज फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागाराकडे केला. नाव नसताना अर्ज करणे कठीण असते, म्हणून उमेदवारांची यादी आधी आपणच तयार करावी लागणार.

29 जून 2025

भाचीने ग्रंथालयातून 3 जानेवारी 1939 च्या नेमणुकांच्या यादीची संबंधित पाने मिळवून पाठवली. 61, 62 आणि 63 या रेजिमेंटमधले हाउप्टमान आणि मेजर हुद्द्याचे पूरक अधिकारी वेगळे काढले. मग त्यांची नावे बव्हेरियन सैन्याच्या जुन्या नोंदवह्यांशी ताडून पाहिली.

एक नाव पाहताच मन धावले. तो माणूस 1917-18 मध्ये पॅलेस्टाइनमध्ये, बव्हेरियाच्या 304 क्रमांकाच्या विमान तुकडीत निरीक्षक होता. या तुकडीने आकाशातून टिपलेली जेरुसलेम, जॉर्डनचे खोरे आणि किनारपट्टीची छायाचित्रे म्युनिकमध्ये जतन झाली आहेत. पुरातत्त्वाचे आणि भूगोलाचे अभ्यासक आजही ती वापरतात, आणि त्यातली शंभर गुस्टाफ डालमान यांनी 1925 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. ती छायाचित्रे टिपणाऱ्यांपैकीच कोणाची तरी पट्टी आमच्या ट्रंकेत आहे, ही कल्पनाच मोहक होती. आठवडाभर मी हे नाव नक्की झाले असेच धरून चाललो.

पण छातीवर निरीक्षकाचा बिल्ला नाही. वैमानिक आणि निरीक्षक यांचे मुकुटधारी बिल्ले पुढे पायदळात गेलेले अधिकारीही अभिमानाने लावत. औपचारिक छायाचित्रात आयर्न क्रॉस आणि जखमेचा बिल्ला लावायचा आणि तो मात्र घरी ठेवायचा, हे संभवत नाही. शिवाय नोंदवहीत त्या माणसाला कोठेही जखम झाल्याचा उल्लेख नाही. नाव रद्द केले. ज्या चेहऱ्यावर आपण नाव चिकटवतो तो कोणाचा तरी बाप किंवा आजोबा असतो, आणि चुकीचे नाव एकदा पसरले की ते मागे घेता येत नाही, म्हणून येथून पुढे दोन स्वतंत्र कागदांचा आधार मिळाल्याशिवाय नाव लिहायचे नाही असे ठरवले.

24 ऑगस्ट 2025

उरलेल्या तीन नावांच्या फायली भाचीने म्युनिकच्या वाचनकक्षात बसून पाहिल्या. फायलीतले पुष्कळसे लिखाण कुरेंट लिपीत आहे. शाळांतून ही वळणदार लिपी 1941 मध्ये काढून टाकण्यात आली, आणि आपल्याकडे मोडीचे झाले तसेच तेथेही झाले: नातवंडांना आजोबांची पत्रे वाचता येत नाहीत. तिने पाने टिपून आणली आणि वाचून घेतली.

पहिल्या माणसाला तुर्की पदक मिळालेले नाही. दुसऱ्याला मिळाले आहे, पण त्याच्या नावावर बव्हेरियन पदकाबरोबर ऑस्ट्रियाचा लष्करी क्रॉसही आहे, आणि त्याची फीत आमच्या पट्टीवर नाही. माणूस मिळालेले पदक न लावता ठेवू शकतो, हे मान्य. तरी चार फितींच्या पट्टीतून तो ते वगळेल असे वाटत नाही. तिसऱ्याच्या फायलीत आयर्न क्रॉसचे दोन्ही वर्ग, बव्हेरियन पदकाचा अधिकाऱ्यांना मिळणारा चौथा वर्ग तलवारींसह, तुर्की पदक आणि काळ्या रंगाचा जखमेचा बिल्ला, असे सगळे आहे. तो तुर्कांच्या मदतीला पाठवलेल्या, आशिया कोअर नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन दलाच्या एका पायदळ बटालियनमध्ये, मशीनगन कंपनीत होता. 1919 मध्ये त्याला सैन्यातून मुक्त केले गेले आणि पुढची वर्षे तो शाळेत शिक्षक होता.

फायलीत 1917 चे छोटे छायाचित्र आहे. एकोणीस वर्षांच्या अंतरात गाल, केस आणि कपाळ ओळखू येत नाहीत इतके बदलतात. भाची म्हणाली, “मामा, चेहरा पाहू नका, कान पाहा.” कानाची घडण वयानुसार फारशी बदलत नाही. दोन्ही छायाचित्रांत डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे आणि वरच्या वळणावर एक छोटी खाच आहे. मी दोन्ही प्रतिमा एका मापावर आणून तीन वेळा ताडून पाहिल्या. जुळतात. हा एक कागद झाला. नियमाप्रमाणे दुसरा यायचा आहे.

5 ऑक्टोबर 2025

तिसऱ्या नावाची चौकशी बर्लिनकडे पाठवली होती, तिचे उत्तर आले. मेजर, इटलीत डिसेंबर 1944 मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात, 1946 मध्ये सुटका. फ्रायबुर्गच्या कागदांत 1940 साली आयर्न क्रॉसची पुन्हा मिळालेली चकती आणि नंतरचा युद्धसेवा क्रॉस आहे; 1941 च्या सुरुवातीपासून तो एका स्थानिक लष्करी कचेरीत नेमला होता, त्यामुळे पूर्वेच्या हिवाळ्याची फीत नाही. दीर्घसेवेत बारा वर्षांचा टप्पा नोंदलेला आहे. आठही फितींचा हिशेब लागला.

त्याचे नाव माझ्या खासगी वहीत लिहिलेले आहे, येथे देत नाही. कुटुंब हयात आहे. आणखी एक गोष्ट तपासणे मला आवश्यक वाटले. इटलीत 1943 ते 1945 या काळात झालेल्या हत्याकांडांची गावनिहाय नोंद तेथील इतिहासकारांनी तयार करून सर्वांना खुली केली आहे. मेजर ज्या तुकडीत इटलीत होता तिचे नाव मी त्यात, तो तेथे होता त्या महिन्यांसाठी, शोधले. मला आढळले नाही. एवढ्यावरून कोणाच्या निर्दोषत्वाचा दाखला निघत नाही. पट्टीवरची सातवी फीत एका देशाच्या गिळंकृत होण्याचे स्मारक आहे, आणि ती त्याने लावली होती. हे सत्य ओळख पटवण्याच्या कामाचाच भाग आहे असे मी मानतो, म्हणून कुटुंबाला लिहिलेल्या पत्रात फितींचा अर्थ गाळला नाही.

9 नोव्हेंबर 2025

पत्र मेजरच्या जन्मगावच्या नोंदणी कचेरीमार्फत पुढे पाठवण्याची विनंती केली होती. आज त्यांच्या नातीचे उत्तर आले. कान तिच्या वडिलांचेही तसेच होते, असे तिने लिहिले आहे. आजोबा कैदेतून परतल्यावर पुन्हा शाळेत शिकवू लागले आणि युद्धाबद्दल घरात कधी बोलले नाहीत. 1936 चे हे छायाचित्र तिच्याकडे नाही. ते तिला हवे आहे. पट्टी तिला नको; ती आमच्याकडेच राहावी किंवा एखाद्या संग्रहालयाला द्यावी, असे ती म्हणते.

7 डिसेंबर 2025

छायाचित्र आम्लरहित कागदात, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधले. मागच्या मोडी ओळींचे देवनागरी लिप्यंतर आणि जर्मन भाषांतर सोबत जोडले आहे. भाषांतर भाचीने केले. ‘परत करणे’ या दोन शब्दांसाठी तिने तीन वेगळी क्रियापदे करून पाहिली आणि शेवटी सर्वांत साधे ठेवले. दोन्ही बाजूंचे स्कॅन काढून घेतले आहेत. पट्टी पुन्हा खाकी कापडात गुंडाळून डबीत ठेवली आणि तिच्याबरोबर फितींच्या क्रमाची एक चिठ्ठी घातली. पार्सल उद्या सकाळी टपालात पडेल.